वैद्यकीय महाविद्यालयातल्या शिक्षकांचं समाधान मोजायचं तर कसं?

पठारावरची

नमस्कार मंडळी. मी पीएसएम, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यक शिकवते. येत्या वर्षात एक अभ्यास हाती घ्यायचा आहे. गोव्यातल्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉक्टरांना आपल्या नोकरीत कितपत समाधान आहे, ते मोजायचं. निवासी डॉक्टरांच्या पाळ्यांबद्दल पेपरात येतं, नर्सांच्या मागण्यांबद्दल येतं. पण सकाळी ओपीडी, मग लेक्चर, दुपारी विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात क्लिनिक, संध्याकाळी पीजीच्या थिसिसचा मसुदा आणि घरी गेल्यावर उत्तरपत्रिका, असा ज्याचा दिवस जातो त्याला कुणी बसवून विचारत नाही. मला विचारायचं आहे, आणि नीट विचारायचं आहे.

या कामासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली पॉल स्पेक्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची आहे, १९८५ ची. ३६ विधानं, नऊ विषय: पगार, बढती, वरिष्ठ, सवलती, कामाची दखल, कामकाजाचे नियम, सहकारी, प्रत्यक्ष काम आणि संस्थेतला संवाद. प्रत्येक विषयाला चार विधानं, प्रत्येक विधानाला १ ते ६ गुण. म्हणजे बेरीज ३६ ते २१६ च्या दरम्यान. १०८ च्या खाली असमाधानी, १४४ च्या वर समाधानी, मधले अधांतरी.

माझ्या दोन शंका आहेत. ही प्रश्नावली लोकसेवेच्या संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांसाठी बेतलेली. तिच्यात विद्यार्थी नाही, पेशंट नाही, संशोधन नाही. आणि दुसरं म्हणजे गोवा केवढा? इथे माणसं खरं लिहितील का? अनुभव सांगा. डॉक्टर नसाल तरी सांगा.

म्हापसा_मार्केट

पगार महिन्याच्या महिन्याला आणि गाडीला सावली. एवढं मिळालं की आमच्या घरी समाधान. बायको बालरोग शिकवते, म्हणून अधिकाराने सांगतो :)

आकडेमोड

मॅडम, विषय फार चांगला घेतलात. एक विनंती सुरुवातीलाच करतो: एकूण बेरजेवर निष्कर्ष काढू नका. तो आकडा ताप १०२ आहे एवढंच सांगतो, मलेरिया की डेंगी ते सांगत नाही.

कागदावर करून बघा. प्रत्येक विषयाला ४ ते २४ गुण. समजा एक सर्जरीचे प्राध्यापक आहेत, कायम नोकरी. पगार २०, बढती २०, सवलती १८, वरिष्ठ १६, दखल ८, नियम ६, सहकारी १४, काम १६, संवाद ८. बेरीज १२६. आता समजा एक कंत्राटी मुलगी, नुकतीच फिजिऑलॉजीला लागलेली. पगार ८, बढती ६, सवलती ६, वरिष्ठ २०, दखल १६, नियम १४, सहकारी २०, काम २२, संवाद १४. बेरीज पुन्हा १२६. दोघंही 'अधांतरी' या एकाच खणात पडली. त्या मुलीला कायम केलं तर ती आयुष्यभर आनंदाने शिकवील. त्या सरांना पगार वाढवून काहीही फरक पडणार नाही, त्यांचं दुखणं दुसरीकडे आहे. सरासरी काढून अहवाल दिलात तर ही दोन्ही माणसं त्यात दिसेनाशी होतील.

तांत्रिक दोन गोष्टी. यातली निम्मीअधिक विधानं उलटी आहेत, म्हणजे तक्रारीच्या सुरात लिहिलेली. त्यांचे गुण सातातून वजा करून मगच बेरजेत घ्यायचे. हे राहिलं तर सगळा अभ्यास उलटापालटा होतो, आणि बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. शिवाय एखाद्याने सुलट्या आणि उलट्या दोन्ही विधानांना सरसकट ५ ठोकले असतील तर त्याने न वाचता खुणा केल्या असं धरून तो फॉर्म बाजूला काढता येतो. उलटी विधानं ठेवतात ती त्यासाठीच.

दुसरं, विश्वासार्हता. एका भागातली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते क्रॉनबाख आल्फा हा आकडा सांगतो. मूळ अभ्यासात पूर्ण प्रश्नावलीचा आल्फा ०.९१ होता, पण 'नियम' या भागाचा ०.६२ आणि 'सहकारी'चा ०.६०. साधारण ०.७० च्या वर हवा असं धरतात. म्हणजे हे दोन भाग मुळातच जरा लेचेपेचे. तुमच्या माहितीवर आल्फा प्रत्येक भागासाठी वेगळा काढा आणि छापा.

रात्रपाळी

मी भूल देते आणि शिकवते. गोव्यात घर, पण नोकरीची सुरुवात घाटापलीकडच्या एका खाजगी कॉलेजात झाली. तिथे दरवर्षी समाधानाचा फॉर्म यायचा. वरच्या कोपऱ्यात कर्मचारी क्रमांक आधीच छापलेला. एचआरचा माणूस केबिनच्या दारात उभा राहायचा, 'मॅडम, पाच मिनिटांचं काम, आत्ताच द्या.' आम्ही सगळ्या रांगेने 'पूर्ण सहमत' वर खुणा करायचो. पुढे तोच निकाल रंगीत आलेख काढून इन्स्पेक्शनच्या फाईलला लागायचा. तीन-तीन महिने पगार लांबायचा त्या वर्षीही आलेख झकास होता.

मी तो राग अजून विसरले नाही. पगाराचा एक वेळ विसरले, पण आपल्याला विचारल्याचं नाटक केलं आणि आपल्याच हाताने खोटं लिहून घेतलं, ते नाही. पठारावरची, तू विचारणार असशील तर असं विचारू नकोस.

हाडंवाले_सर

मी निवृत्त आहे. अ‍ॅनाटॉमी शिकवली. आता फोंड्याला असतो.

आमच्या वेळी समाधान मोजायला कुणी आलं नाही, पण विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते सांगतो. पहिल्या वर्षाची मुलं डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्यांदा येतात. फॉर्मलिनचा वास डोळ्यांत जातो, कुणी नाकाला रुमाल लावतं, कुणी भिंतीकडे बघत राहतं. आधी देहाला नमस्कार करायला लावायचा, मग एकेकाच्या हातात चिमटा द्यायचा. काखेतली चरबी बोटांनी सोडवत सोडवत ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या, दोऱ्या मोकळ्या होतात आणि पुस्तकात पाहिलेला तो इंग्रजी एम खरोखरच समोर दिसतो. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघायचे. त्यासाठी मी ही नोकरी केली. पगार, बढती सगळं आपापल्या जागी महत्त्वाचं, नाही म्हणत नाही. पण एका टेबलाभोवती मुलं किती आणि माझ्याकडे वेळ किती, यावर माझा दिवस चांगला की वाईट ते ठरायचं. तुमच्या ३६ विधानांत हे विचारणारं एक तरी आहे का?

आणि आपण कुठल्या परंपरेतले आहोत तेही तरुणांना ठाऊक असावं. पणजीत १८४२ साली वैद्यकशाळा सुरू झाली. पोर्तुगीज अंमलात इथे शिकलेले डॉक्टर आफ्रिकेतल्या वसाहतींपर्यंत जाऊन काम करत. मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, पुढे बांबोळीच्या पठारावर गेलं. मांडवीकाठच्या जुन्या इमारतीत आता इफ्फी या चित्रपट महोत्सवाची गर्दी असते.

नवशिका_मडगाव

सर, नमस्कार. मी एमबीबीएसला आहे. आम्हाला न विचारता कळतं कुठल्या शिक्षकाला शिकवायला आवडतं. जो वॉर्डात पेशंटच्या खाटेजवळ थांबून 'आता तू पोट तपास, मी बघतो' म्हणतो, त्याला आवडतं. जो चालता चालता बोलतो तो दमलेला असतो. विद्यार्थ्यांनाही विचारा ना.

मानसी_ताळगाव

मी मानसशास्त्र शिकवते, मेडिकलची नाही. हाडंवाले सर जे सांगताहेत त्याला आमच्याकडे नाव आहे. हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं: नोकरीत फार छान कधी वाटलं, फार वाईट कधी वाटलं? १९५९ मध्ये ते पुस्तक आलं. छान वाटल्याच्या गोष्टींत काम स्वतः, यश, दखल, जबाबदारी. वाईट वाटल्याच्या गोष्टींत नियम, वरिष्ठ, पगार, कामाची जागा. त्यांचं म्हणणं, या दोन याद्या वेगळ्या आहेत. दुसऱ्या यादीतलं दुरुस्त केलं तर माणूस कुरकुरायचा थांबेल, पण त्याने आनंद येईलच असं नाही.

यावर आक्षेपही झाले आणि ते मला पटतात. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःच्या कामाला देतो आणि वाईट झालं की दोष व्यवस्थेला देतो, मग दोन याद्या वेगळ्या येणारच. तरी अभ्यासासाठी धडा असा की नुसत्या गुणांवर थांबू नका. शेवटी दोन मोकळे प्रश्न ठेवा: गेल्या महिन्यात कामावर सगळ्यात बरं कधी वाटलं, आणि सोडून द्यावं असं कधी वाटलं. चार ओळींची जागा द्या. त्या ओळी वाचल्यावर आकडे बोलायला लागतील.

म्हापसा_मार्केट

मानसीताई, तुमच्या हिशेबाने माझी सावली दुसऱ्या यादीत गेली. पण गंमत सोडून सांगतो. बायको सकाळी लवकर निघते, कारण उशीर झाला तर गाडी लावायला जागा मिळत नाही. ओपीडी सुरू व्हायच्या आधीच तिचं डोकं तापलेलं असतं. अशा छोट्या गोष्टी रोज होतात. बढती काही वर्षांतून एकदा होते. प्रश्नावलीत दोघांचं वजन सारखं, ते बरोबर वाटत नाही.

कुळागर

मी वेर्ण्याला औषध कंपनीत एचआर बघतो. आमच्याकडे सोपं आहे. वर्षात किती लोक सोडून गेले ते मोजा. सोडून जाणाऱ्याला कारण विचारा. बाकी प्रश्नावल्या म्हणजे कागद वाया घालवणं.

पठारावरची

कुळागर भाऊ, हे माझ्या अभ्यासात चालणार नाही, आणि कारण गोव्याचंच आहे. वेर्ण्यातला माणूस एक कंपनी सोडून पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या कंपनीत जातो. घर तेच, मुलांची शाळा तीच. इथे सरकारी मेडिकल कॉलेज एकच. ते सोडायचं म्हणजे शिकवणं सोडून खाजगी प्रॅक्टिसला बसायचं, नाही तर गोवाच सोडायचा. आईवडील पेडण्याला, नवऱ्याची नोकरी पणजीत, कुठे जाणार? त्यामुळे कुणी सोडून गेलं नाही एवढ्यावरून माणसं सुखात आहेत असं म्हणता येत नाही. जे आत राहून मनाने निघून गेलेत त्यांची नोंद तुमच्या रजिस्टरात होत नाही. मला त्यांच्यापर्यंत पोचायचं आहे.

रात्रपाळी

+१. 'आत राहून मनाने निघून गेलेले.' अशी किती तरी माणसं मी पाहिलीत, आणि त्यातली निम्मी एके काळची उत्तम शिक्षक होती.

दोडामार्ग_लाल_डबा

मी पेशंटच्या बाजूने बोलतो. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना बांबोळीचा आधार पिढ्यान् पिढ्या. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, तिकडून कारवार, सगळीकडून रात्री-अपरात्री गाड्या तिथेच येतात. २०१८ ला गोव्याबाहेरच्यांना फी लावली तेव्हा आमच्याकडे मोठं आंदोलन झालं होतं. डॉक्टरांचं समाधान मोजा, जरूर मोजा. पण आम्ही बाकड्यावर सहा सहा तास बसतो त्याचं कोण मोजणार?

साखळीवाला

अगदी. आमच्या करातून पगार, आणि समाधान विचारायचं त्यांनाच?

आकडेमोड

साखळीवाले, त्याच बाकड्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाबद्दल हा धागा आहे. ओपीडीत एका सकाळी ज्याच्यासमोर माणसांची रांग संपत नाही, तोच अकरा वाजता उठून वर्गात जातो. रांग तशीच राहते. पेशंट चिडतो, आणि वर्गातली मुलं उशिरा आलेल्या सरांची वाट बघत असतात. पेशंटचं समाधान वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे आणि तोही व्हायला हवा. पण हे दोन विषय एकमेकांचे शत्रू नाहीत.

साखळीवाला

बरोबर आहे. माझ्या आईला तिथल्याच एका डॉक्टरने वाचवलं होतं, पहाटे. सकाळी त्यांचं लेक्चर होतं असं नर्स म्हणाली. तेव्हा मी त्याचा विचार केला नव्हता.

शिरोड्याची_सून

मी क्लिनिकल विभागात, म्हणजे जिथे पेशंट बघतात तिथे, शिकवते. पगाराच्या विधानांबद्दल सांगते. आपला पगार पुरेसा वाटतो का, हे माणूस कुणाशी तुलना करतो त्यावर ठरतं. माझा बॅचमेट मडगावात स्वतःचं हॉस्पिटल चालवतो. लग्नात भेटला की माझा पगार अचानक कमी होतो. माझी धाकटी बहीण हायस्कूलला शिकवते, तिच्या घरी गेलं की माझा पगार भरपूर असतो. सरकारी नोकरीत खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल भत्ता मिळतो, तो काही जणांना न्याय्य वाटतो, काहींना तो भत्ता म्हणजे हात बांधल्याची भरपाई वाटते. अमेरिकेत बेतलेल्या विधानांत हा प्रश्नच नाही. तो तुम्हाला स्वतः घालावा लागेल. आणि नॉन-क्लिनिकलवाल्यांना वेगळा, कारण बायोकेमिस्ट्रीच्या माणसाला प्रॅक्टिसचा दरवाजाच नसतो.

दुसरं कागद. २०१९ पासून कॉम्पिटन्सीवर आधारलेला अभ्यासक्रम आला. कल्पना उत्तम आहे, मी मनापासून त्याच्या बाजूची आहे. मुलाने नुसतं पाठ न करता हाताने करून दाखवावं, डॉक्टर म्हणून बोलायला शिकावं, हे हवंच होतं. पण लहान गटात शिकवायचं तर माणसं हवीत. माणसं तेवढीच आणि प्रत्येक मुलाच्या लॉगबुकात प्रत्येक कौशल्यापुढे सही. परवा एका मुलाने माझ्यापुढे लॉगबुक ठेवलं, त्यात त्याने टाके घालून दाखवल्याचा रकाना रिकामा होता. मला त्याला खरोखर टाके घालताना बघायचं होतं. फोमचा तुकडा, सुईहोल्डर, वीस मिनिटं. मागे सतरा जण सहीसाठी उभे. मी त्याला बघितलं, बाकीच्यांना उद्या या म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझी कॅज्युअल्टी होती. माझं असमाधान शोधायचं असेल तर ते त्या रांगेत आहे.

नवशिका_मडगाव

मॅडम, त्या रांगेत आम्ही असतो. आम्हालाही नुसती सही नको असते.

हाडंवाले_सर

शिरोड्याची बाय, फार नेमकं लिहिलंस. हेच विधान करून टाका: 'शिकवण्यासाठी ठरलेला वेळ मला प्रत्यक्ष शिकवण्यात घालवता येतो.'

मानसी_ताळगाव

सर, सुरेख. यात आणखी एक भर. समाधान आणि थकवा एकाच प्रश्नावलीत गुंडाळू नका. थकव्यासाठी मास्लाक यांची वेगळी प्रश्नावली आहे, १९८१ ची, २२ विधानांची. शिरोड्याच्या मॅडमना काम आवडतं आणि त्या थकल्याही आहेत. 'काम' या भागात त्यांना २४ पैकी २२ मिळतील. वरिष्ठ म्हणतील, वा, समाधानी आहेत, अजून एक समिती द्या.

कुळागर

माघार घेतो, एकच शहर एकच कॉलेज हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण मग हजेरी बघा? आता मेडिकल कॉलेजांत चेहरा दाखवून आधारची हजेरी आहे ना?

रात्रपाळी

आहे, मे २०२५ पासून चेहऱ्यावरची. त्याआधी बोटाची होती. कागदावरचे खोटे शिक्षक पकडायला ती हवीच, मी खाजगी कॉलेजात काय काय पाहिलंय ते इथे लिहीत नाही. पण हजेरीवरून माणूस आला एवढंच कळतं. रात्री दोनला सीझरला भूल देऊन मी सकाळी उशिरा पोचले तर यंत्राच्या लेखी मी उशिरा आले. ती जागलेली रात्र त्याला ठाऊकच नसते. अशा नोंदींवरून समाधान मोजायला गेलात तर सगळ्यात जास्त राबणारी माणसं सगळ्यात वाईट दिसतील.

साखळीवाला

मग जूनमधल्या त्या प्रकाराचं काय? २०२५ च्या जूनमध्ये बांबोळीच्या कॅज्युअल्टीत कॅमेऱ्यांसमोर एका डॉक्टरला ज्या भाषेत झापलं गेलं, ते सगळ्या देशाने बघितलं. डॉक्टरांनी निदर्शनं केली. त्या आठवड्यात कुणाचा पगार बदलला नव्हता, बढती थांबली नव्हती. तरी त्या आठवड्यात तुमची प्रश्नावली भरून घेतली असती तर काय आलं असतं?

आकडेमोड

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. दोन गोष्टी निघतात. एक, मानसन्मान आणि सुरक्षितता यांची विधानं वेगळी हवीत, नऊ विषयांत ती बसत नाहीत. पेशंटच्या नातेवाइकांकडून, वरून, बाहेरून, कुणाकडूनही अपमान होण्याची भीती. दोन, कधी मोजलं ते लिहून ठेवायला हवं. इन्स्पेक्शनच्या महिन्यात, परीक्षेच्या महिन्यात, किंवा अशा घटनेनंतर लगेच मोजलं तर त्या महिन्याचं मन मिळतं. एकदाच मोजण्याऐवजी सहा महिन्यांनी पुन्हा मोजता आलं तर सोन्याहून पिवळं.

म्हापसा_मार्केट

बायकोला धागा वाचायला दिला. तिचा एकच प्रश्न: माझं नाव कळेल का?

मानसी_ताळगाव

म्हापसेकर, तुमच्या बायकोच्या प्रश्नावर सगळा अभ्यास उभा राहील नाही तर पडेल. आपण एवढा वेळ कुठली पट्टी यावर बोललो. पण पट्टी कुठलीही घ्या, माणूस घाबरला तर ती वाकडीच पडणार.

आपल्याकडे नाव न विचारणं पुरेसं नाही. फॉर्मच्या वर पाहा काय काय विचारतात: विभाग, पद, वय, लिंग, किती वर्षं नोकरी, राहण्याचा तालुका. आता चार माणसांच्या विभागात सहयोगी प्राध्यापक, बाई, चाळिशीतल्या, बार्देशातल्या. किती जणी असतील? एकच. नाव लिहिलंच की मग. आणि हे गुण पाहणारा माणूस तिला लहानपणापासून ओळखतो, तिच्या आत्याच्या घरी चवथीला गेलेला असतो.

म्हणून विभाग विचारू नका. फक्त तीन गट ठेवा: पहिल्या वर्षाचे विषय, मधले पॅरा-क्लिनिकल (पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी वगैरे), आणि क्लिनिकल. वय दहा-दहा वर्षांच्या पट्ट्यांत. तालुका कशाला हवा? काढून टाका. ज्या गटात दहापेक्षा कमी माणसं येतील त्याची आकडेवारी छापू नका, शेजारच्या गटात मिसळा. आणि हे सगळं फॉर्मच्या पहिल्याच पानावर साध्या शब्दांत लिहा, म्हणजे भरणाऱ्याला आधी कळेल. मोकळ्या प्रश्नांची उत्तरं जशीच्या तशी छापू नका, कारण माणूस लिहिण्याच्या ढबीवरून ओळखू येतो.

आकडेमोड

आणि गोळा कोण करणार? पठारावरची मॅडम स्वतः त्याच लोकांच्या सहकारी. उद्या त्या कुणाच्या तरी बढतीच्या समितीत असतील. फॉर्म त्यांच्या हातात येताच कामा नयेत. विद्यापीठातल्या दुसऱ्या विभागाचा कुणी तरी घ्या, कच्चे कागद त्याच्याकडेच राहू देत, मॅडमना फक्त गटवार आकडे. ऑनलाइन करणार असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना ते दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. कॉलेजच्या ईमेलवरून लॉगिन मागणारा फॉर्म कुणीही खरा भरणार नाही.

नमुना काढू नका, सगळ्यांनाच विचारा. एकाच संस्थेत नमुना काढला की 'मलाच का निवडलं' असं सुरू होतं. किती जणांनी भरलं नाही तेही सांगा. सगळ्यात रागावलेले आणि सगळ्यात दमलेले बहुतेक वेळा भरतच नाहीत. १०० मधल्या ४० जणांनीच भरलं आणि ते खूश निघाले, तर उरलेल्या ६० जणांबद्दल आपण काहीच शिकलो नाही.

रात्रपाळी

भरायला किती वेळ लागेल? ३६ अधिक तुमची नवी अधिक थकव्याची २२? ड्यूटीवर कुणी भरणार नाही.

आकडेमोड

हो, हे महत्त्वाचं. मास्लाक सोडून द्या, तो दुसरा अभ्यास. एक सुटसुटीत गोष्ट सांगतो. 'एकूणात तुम्ही नोकरीवर किती समाधानी आहात?' हा एकच प्रश्नसुद्धा बऱ्यापैकी काम करतो. १९९७ मध्ये वॅनस आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा एका प्रश्नाचं उत्तर लांबलचक प्रश्नावलीशी चांगलं जुळत होतं. तो सुरुवातीला ठेवा. एवढाच भरून कुणी थांबला तरी काही तरी हाती लागेल.

हाडंवाले_सर

माझा एक शेवटचा प्रश्न. निकाल आला, मग? आमच्या काळात समित्यांचे अहवाल कपाटात जात. शिक्षकांना विचारून त्यांना काहीच कळवलं नाही, तर पुढच्या वेळी ते फॉर्म कचऱ्यात टाकतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

पठारावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. मी दोन दिवस हा धागा पुन्हा पुन्हा वाचतेय.

ठरवलंय ते सांगते. स्पेक्टरची प्रश्नावली ठेवते, कारण इतर ठिकाणच्या शिक्षकांशी तुलना करता येईल, आणि ती शैक्षणिक कामाला मोफत वापरता येते. पण बेरीज छापणार नाही, नऊ भाग वेगळे छापणार. सुरुवातीला एकूण समाधानाचा तो एक प्रश्न. शेवटी आपल्या लोकांसाठी आपली दहा विधानं: शिकवायला मिळणारा वेळ, लॉगबुकची रांग, पेशंट आणि विद्यार्थी एकाच वेळी सांभाळणं, प्रॅक्टिस आणि भत्ता, बढतीसाठी लागणारे शोधनिबंध आणि त्यासाठी मिळणारी मदत, अपमानाची भीती. हाडंवाले सरांचं वाक्य जसंच्या तसं घेते. या दहांची बेरीज स्पेक्टरमध्ये मिसळणार नाही. मानसीताईंचे दोन मोकळे प्रश्न आहेतच. आकडेमोड म्हणतात तशी कागद सांभाळणारी व्यक्ती बाहेरची, आणि तिचं नाव एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिहिते.

सरांच्या प्रश्नावर: निकाल छापून येण्याआधी ज्यांनी फॉर्म भरले त्या सगळ्यांसमोर मांडणार, डीनच्या केबिनमध्ये नव्हे, लेक्चर हॉलमध्ये. आणि एक तरी गोष्ट बदलल्याशिवाय दुसऱ्यांदा विचारायला जाणार नाही. लॉगबुकच्या सह्यांपासून सुरुवात करता येईल असं वाटतं, ते विभागाच्या हातात आहे, त्याला मंत्रालय लागत नाही.

आता नव्या दहा विधानांची आधी चाचणी घ्यायची आहे. ज्यांच्यावर खरा अभ्यास करणार नाही अशी माणसं हवीत: निवृत्त शिक्षक, डेंटल कॉलेजातले, शिरोड्याच्या आयुर्वेद कॉलेजातले, गोव्याबाहेर शिकवणारे. विधान वाचून मनात काय आलं ते बोलून दाखवायचं, मी लिहून घेणार. कोण येईल?

हाडंवाले_सर

मी येतो. दुपारनंतर ठेवा, फोंड्याहून कदंबच्या बसने यायचं म्हणजे वेळ लागतो.

रात्रपाळी

मी अजून घाटापलीकडेच शिकवते, शनिवार-रविवार घरी असते. चालेल का?

शिरोड्याची_सून

मी तुमच्या अभ्यासात असेन म्हणून येत नाही. पण आमच्या शेजारी आयुर्वेद कॉलेजात शिकवणारे दोघं आहेत, त्यांना विचारून सांगते. चवथीच्या आठवड्यात मात्र कुणालाही बोलावू नका. परीक्षांचं वेळापत्रकही आधी बघा.

पठारावरची

रात्रपाळी, चालेल, रविवारी सकाळी ठेवू. सर, तुमच्यासाठी दुपारची वेगळी वेळ ठेवते. चवथीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या तारखा इथेच टाकते.